पाण्यातील वाटाड्या

आमच्या धाराशिव जिल्ह्यास समुद्र नाही, हे सांगण्यास भूगोलाचा प्राध्यापक नको; आणि आम्ही तर इंग्रजीचे. येथे वर्षाकाठी सातआठशे मिलिमीटर पाऊस पडला तर लोक देवापुढे नारळ फोडतात, आणि न पडला तर टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसतात. 'भरती' हा शब्द आमच्या विद्यार्थ्यांस पोलिसांच्या किंवा शिक्षकांच्या भरतीवरून ठाऊक. 'ओहोटी' त्यांना भेटते ती निबंधात, कोणाच्या तरी उत्साहास लागलेली. अशा मुलखातल्या माणसाने पन्नाशी उलटल्यावर गुडघाभर खाऱ्या पाण्यात उभे राहून मासे पाहण्याचे धडे घ्यावेत, आणि वर त्यावर मासिकात लेख लिहावा, याचे कित्येक वाचकांस हसू येईल. त्यांनी खुशाल हसावे. परंतु हसून झाल्यावर आमच्या बाजूने दोन पुरावे आहेत, तेवढे ऐकून घ्यावेत.

पहिला पुरावा तेरचा. तेर हे गाव आज गोरोबाकाकांचे म्हणून प्रसिद्ध आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात कोणा अनामिक ग्रीकभाषी व्यापाऱ्याने 'पेरिप्लस' नावाचा जो सागरी प्रवासाचा ग्रंथ लिहिला, त्यात 'तगर' म्हणून जी मोठी पेठ येते ती हीच. येथले कापड गाड्यांत भरून बिकट वाटांनी भडोच बंदरास जाई, आणि समुद्रकाठच्या प्रदेशातून आलेला मालही या पेठेत असे, अशी त्या व्यापाऱ्याची नोंद आहे. म्हणजे आमचा आणि समुद्राचा परिचय दोन हजार वर्षांचा आहे. मध्यंतरी जाणेयेणे तेवढे कमी झाले.

दुसरा पुरावा अधिक बळकट आहे. उमरग्याहून मोटारीने तासादीडतासात जे बसवकल्याण लागते, ते आज कर्नाटकाच्या बिदर जिल्ह्यात असले तरी एके काळी आम्हां सर्वांची राजधानी होती. तेथे राज्य करणाऱ्या चालुक्य राजा तिसऱ्या सोमेश्वराने ११२९ च्या सुमारास 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ रचला. मराठीचे प्राध्यापक या ग्रंथाकडे जातात ते महाराष्ट्रातील स्त्रियांच्या ओवीचा त्यात जो उल्लेख आहे त्यासाठी. तो टिपून घेतला की ते ग्रंथ मिटतात. परंतु त्यात राजाच्या मनोरंजनाचे जे वीस प्रकार सांगितले आहेत, त्यांपैकी एक 'मत्स्यविनोद' आहे. गळाची दोरी कशी असावी, काठी कशाची असावी, कोणत्या माशास कोणते आमिष लावावे, एका ठिकाणी रोज चारा टाकून मासे तेथे येण्यास कसे सवकवावेत, हे सारे त्यात आहे. सुमारे पस्तीस जातींचे मासे राजाने नावांनिशी सांगितले आहेत. नदीचे वेगळे, समुद्राचे वेगळे, खवल्यांचे वेगळे, बिनखवल्यांचे वेगळे. प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ साली या प्रकरणावर इंग्रजीत निबंध लिहून ते मासे आजचे कोणते, हे ठरविण्याचा प्रयत्न केला. आयझॅक वॉल्टनचा गळावरचा जगप्रसिद्ध ग्रंथ १६५३ चा. आम्ही तो तरुणपणी परीक्षेसाठी वाचला, आणि त्याहून पाचशे वर्षे जुने असे काही आमच्या शेजारच्या गावी लिहिले गेले आहे, हे आम्हांस कोणत्याही परीक्षेने विचारले नाही.

हे प्रकरण वाचताना आमच्या मनात एक प्रश्न उभा राहिला, आणि तो अजून बसलेला नाही. कल्याणीस समुद्र नाही. राजास समुद्रातल्या माशांची नावे कोणी सांगितली? बिनखवल्यांचा कोणता, तो कोणत्या आमिषावर येतो, हे राजवाड्यात बसून कळत नाही. कोणीतरी माणूस असला पाहिजे, ज्याच्या होडीत राजा बसला किंवा राजाचा पंडित बसला, आणि ज्याने बोट दाखवून सांगितले की तो पाहा. त्याचे नाव ग्रंथात नाही. शिष्याचे नाव नऊशे वर्षे टिकले; गुरूचे एक दिवसही नाही.

आमच्या धंद्यात 'गाइड' या शब्दास फारशी प्रतिष्ठा नाही. परीक्षेच्या आधी दोन महिने जी जाड, पिवळी, स्वस्त पुस्तके बाजारात येतात, त्यांना मुले गाइड म्हणतात. शेक्सपिअर न वाचता शेक्सपिअरवर साठ गुण कसे मिळवावेत हे ती शिकवितात. आता तीही मागे पडली. उत्तर खिशातल्या फोनात तयार असते, पान उलटण्याचेही श्रम नाहीत. तीस वर्षे आम्ही या गाइडांशी झगडत आलो आहो, आणि निकाल कोणाच्या बाजूने लागला हे उत्तरपत्रिका तपासणाऱ्यास सांगावयास नको. म्हणून आमच्या एका स्नेह्यांनी "चला, मालवणास एक चांगला गाइड आहे, त्याच्याबरोबर खाडीत जाऊ" असे म्हटले, तेव्हा आमचा चेहरा कडवट झाला असल्यास नवल नाही.

हे स्नेही आमचे कॉलेजातले सोबती. नोकरीतून निवृत्त झाल्यावर मुलीकडे फ्लॉरिडास जाऊन येऊन असतात. तेथे दक्षिणेस समुद्रात बेटांची एक लांब माळ आहे, आणि बेटांच्या भोवती मैलोगणती कमरेइतकेही खोल नाही असे स्वच्छ पाणी पसरले आहे. भरतीबरोबर मोठे मासे चरावयास या उथळ पाण्यात येतात, आणि त्यांना पाहून, हेरून, नेमका त्यांच्यापुढे गळ टाकणे हा तेथला मोठा खेळ. ज्या माशाचा विशेष मान, तो बोनफिश, इतका वाळूच्या रंगाचा असतो की त्याची सावली दिसते पण तो दिसत नाही. हौशी मनुष्य होडीच्या नाळेवर काठी घेऊन उभा राहतो. मागे वरवंडीच्या बाजूस उंच फळीवर गाइड उभा राहून लांब बांबूने होडी आवाज न करता ढकलतो, आणि मासा पहिल्यांदा दिसतो तो नेहमी त्यालाच. बहामा बेटांतल्या अँड्रोसवर तर कित्येक कुटुंबे या व्यवसायावर उभी आहेत. धरलेला मासा सोडून द्यावयाचा, ही या खेळाची रीत. फ्लॉरिडात बोनफिशपुरता २०१३ पासून तो कायदाच आहे. "तेच सारे आपल्या कर्ली नदीच्या मुखाशी आहे," असे आमच्या स्नेह्यांचे म्हणणे. "फक्त बोनफिशच्या जागी मुडदुशी आणि जिताडा."

नाताळच्या सुट्टीत जाण्याचे ठरले. पण तारीख आम्ही ठरवावयाची नाही, ती चंद्र ठरविणार, असे कळले. किनाऱ्यावरचा जुना हिशेब असा, की तिथीची पाऊणपट करावी, तितक्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीस तीन वाजता, अष्टमीस सहा वाजता. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा येतो, आणि पाऊण तास म्हणजे पंचेचाळीस मिनिटे. आजीबाईंच्या गणितास इतकी चूक शोभून दिसते. हा आकडा मुंबईचा. दक्षिणेकडे मालवणास भरती थोडी आधी येते, आणि पाणीही कमी चढते. मुंबईस उधाणाच्या दिवसांत चार-साडेचार मीटर चढउतार होतो, तर मालवण-गोव्याकडे दोन-सव्वादोन. आम्हांस हवी होती सकाळची सुकती, म्हणजे ओहोटी, आणि मग चढत्या उन्हाबरोबर चढणारे पाणी. त्या हिशेबाने मार्गशीर्ष वद्य चतुर्थी उत्तम होती. पण ती संकष्टी. ज्याच्या होडीत जावयाचे तो त्या दिवशी गरीस हात लावीत नाही असा निरोप आला, म्हणून पंचमी ठरली. सोलापूर, सांगोला, मिरज, कोल्हापूर, आणि पहाटे फोंडा घाट उतरून आम्ही कोकणात आलो. आमच्याकडच्या चौपट पाऊस जेथे पडतो तेथली हिरवळ पाहून पहिल्यांदा आनंद वाटतो, मग थोडा मत्सर वाटतो. त्याविषयी अधिक न लिहिणे बरे.

त्या गृहस्थास आम्ही येथे 'तांडेल' म्हणू. होडीच्या प्रमुखास तिकडे तसेच म्हणतात. वय पंचेचाळीसच्या आसपास, शरीर वाळलेले, बोलणे मोजके. आम्ही त्याच्याविषयी काही लिहिणार आहो असे कळताच त्याने बजावले, "जाग्याचा नाव घालू नकात, सर. माझा पण नको." कारण साधे होते. जागेचे नाव छापले की माणसे येतात, माणसांमागून पाण्यावरच्या मोटारसायकली येतात, आणि मासे जातात. देवबागच्या संगमाजवळ जो वाळूचा उंचवटा 'त्सुनामी आयलंड' म्हणून प्रसिद्धीस आला आहे, तिकडे हात करून त्याने आम्हांस हा सिद्धांत उदाहरणासह समजावून दिला. तेव्हा सोमेश्वराच्या पंडितावर वर आम्ही जो ठपका ठेवला, तो आमच्यावरही येतो. मात्र येथे गुरूचीच तशी आज्ञा आहे. कोण जाणे, कल्याणीच्या गुरूचीही असेल.

आठ वाजता धक्क्यावरून उलांडीची लहान होडी निघाली. इंजिन होते, पण अर्ध्या वाटेवर ते बंद करून त्याने बांबू हाती घेतला. नऊच्या सुमारास पाणी पुरते उतरले, आणि नदीच्या पात्रात एक मोठी थोरली वाळूची पाठ उघडी पडली. कडेला तिवरांची झाडे, मध्ये घोट्याइतक्या पाण्याचे पसरट तळे, आणि पलीकडे एक खोल, हिरवी धार. या धारेतून मासे वर येणार, आणि पाणी फिरले की याच धारेने परत जाणार. "ह्यो त्यांचो रस्तो," एवढेच तांडेल म्हणाला.

उतरताच पहिला धडा चालण्याचा. पाय उचलून टाकावयाचा नाही, वाळूतून घासत न्यावयाचा. वाळूत पाकट अंग पुरून बसलेली असते. तिच्या शेपटीच्या काट्यावर पाय पडला तर मनुष्य दिवसभर विव्हळतो. घासत गेलेला पाय तिला आधी कळतो आणि ती निघून जाते. तीस वर्षे वर्गात तावातावाने फेऱ्या मारण्याची सवय असलेल्या माणसास हा धडा जड गेला. घासत चालताना वेग आपोआप कमी होतो, आणि वेग कमी झाला की दिसू लागते, हे त्यातले मर्म पुढे ध्यानात आले.

दुसरा धडा पाहण्याचा. आणि सारा दिवस त्यातच गेला म्हटले तरी चालेल. आमच्या स्नेह्यांनी आम्हांस पाण्याची चकाकी कापणारा चष्मा दिला होता. तो लावून आम्ही शोधक दृष्टीने मासे पाहू लागलो. पाव तास गेला, अर्धा तास गेला. तांडेल दोनचार वेळा बोट करून "थंय" म्हणाला. आम्ही मान डोलावली आणि काही दिसले नाही. असे मान डोलावणारे विद्यार्थी आमच्या चांगल्या परिचयाचे आहेत. शेवटी तो जवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, "मासो बघू नकात, सर. पाणी बघा."

हे सूत्र ऐकण्यास गूढ आहे, पण त्याचा अर्थ अगदी व्यवहाराचा आहे. वारा एका दिशेने बारीक लाटा उठवीत असतो. त्या लाटांच्या विणीत एखाद्या ठिकाणी उलट्या अंगाची थरथर दिसली, तर खाली बोयींचा थवा आहे. वाळूतून चिखलाचा लहानसा ढग उठला, तर कोणी तळ उकरून खात आहे. ढग एकामागून एक उठत गेले, तर तो खात खात कोणत्या दिशेस चालला आहे हे कळते, आणि गळ ढगावर न टाकता ढगाच्या पुढे टाकावयाचा. बगळा एकाच जागी मान ताणून उभा राहिला, तर त्यालाही विचारावे. आणि मासा स्वतः बहुधा दिसतच नाही. वाळूवर सरकणारी त्याची सावली दिसते, आणि मग तिच्या वर, उशिराने, तो. आम्हांस पहिली मुडदुशी दिसली ती अशी. बोटभर रुंदीची, फिक्या सोन्याची, वाळूशी इतकी एकरूप, की ती आहे असे ठरविल्यावरच ती झाली असे वाटावे. आम्ही आनंदाने हात वर केला, आणि ती नाहीशी झाली.

हात वर का करावयाचा नाही, याचे पदार्थविज्ञान आमच्या स्नेह्यांनी सांगितले. माशास पाण्याखालून वरचे जग दिसते ते एका गोल झरोक्यातून. प्रकाश पाण्यात शिरताना वाकतो, त्यामुळे क्षितिजापासून क्षितिजापर्यंतचे सारे आकाश सत्त्याण्णव अंशांच्या शंकूत दाटलेले असते, आणि जे पाण्यालगत बुटके असेल ते झरोक्याच्या काठाशी चिरडून जाते. वाकून उभा राहिलेला मनुष्य त्या काठाशी एक अस्पष्ट रेघ असतो. हात वर करणारा एकदम झरोक्यात येतो. तांडेलास सत्त्याण्णव अंश ठाऊक नाहीत. तो फक्त आमच्या खांद्यावर हात ठेवून आम्हांस खाली दाबीत असे. दोन्ही स्पष्टीकरणांनी आम्ही सारखेच वाकलो. पण कोणत्या क्षणी वाकावे, हे एकालाच ठाऊक होते.

गाइड या शब्दावरचा आमचा राग येथे कोठेतरी उतरू लागला. आमच्या बाजारातले गाइड उत्तर देते. या मनुष्याने सबंध सकाळ आम्हांस एकही मासा धरून दिला नाही, आणि तो देऊ शकला असता. पाग फेकला असता तर घटकेत टोपली भरली असती. त्याने केले ते इतकेच, की ज्या जागी ज्या वेळी दिसणे शक्य आहे, तेथे आम्हांस आणून उभे केले, सूर्य पाठीशी ठेवला, आणि थांबला. आमच्याऐवजी पाहिले नाही. शिकविण्याच्या कलेवर आम्ही बरीच व्याख्याने ऐकली आणि काही दिलीही आहेत. त्यांतले बहुतेक आता विसरलो आहो, आणि त्याबद्दल खंत नाही.

पाणी चढू लागले. साडेअकराच्या सुमारास ते मांड्यांपर्यंत आले आणि तिवरांच्या मुळांशी पोहोचले. तेथे सावलीच्या कडेने एक लांबट, जड, करडी आकृती अगदी सावकाश चालली होती. ती आम्हांस तांडेलाने दाखविण्यापूर्वी दिसली, हे येथे नमूद करण्याचा मोह आवरत नाही. जिताडा होता. आमच्या स्नेह्यांनी पिसांचा बनावट मासा त्याच्या पुढे चार हातांवर टाकला, आणि पुढली दहा मिनिटे काय झाले ते आम्हांस नीटसे सांगता येणार नाही. तंगूस पाण्यात शिट्टी वाजवीत होती, आणि तांडेल प्रथमच मोठ्याने बोलत होता. मासा हाताशी आल्यावर त्याने आपले दोन्ही हात आधी पाण्यात भिजविले, मग त्यास खालून आधार दिला. कोरड्या हाताने माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तो पुढे रोगाने मरतो. गरीचा उलटा काटा आधीच चेपलेला होता, ती सहज निघाली. क्षणभर त्याचे तोंड येणाऱ्या पाण्याकडे धरून ठेवले, आणि एका झटक्यासरशी मासा गेला.

त्याच वेळी पुळणीच्या दुसऱ्या अंगाला सातआठ बायका कमरेला टोपल्या बांधून, वाकून, वाळूतून तिसऱ्या वेचीत होत्या. पाणी चढत होते म्हणून त्यांची घाई चालली होती. आमची होडी परत वळली तेव्हा तांडेलाने सरळ मार्ग सोडून मोठा वळसा घेतला. का, असे विचारता म्हणाला की त्या जिथे वेचतात तिथून होडी नेली तर पाणी गढूळ होते. त्यांना उरलेला अर्धा तास मिळावा. आमच्या खेळाची भरती आणि त्यांच्या पोटाची सुकती एकाच वाळूवर एकमेकींस भेटत होत्या, आणि वाट कोणी कोणास द्यावयाची, हे तेथे कोणत्याही पाटीवर लिहिलेले नव्हते.

दुपारी जेवण त्याच्या घरी. आमच्या घरी मासा शिजत नाही, हे आमच्या स्नेह्यांनी आधी कळविले होते, त्यामुळे आम्हांस सोलकढी, भात आणि काळ्या वाटाण्याची उसळ होती. वाढता वाढता तांडेलाच्या आईने सकाळची हकीकत विचारली. जिताडा धरल्याचे ऐकून म्हातारीचा चेहरा फुलला. सोडल्याचे ऐकून हात थांबला. "सोडूचो होतो तर धरल्यात कित्याक?" असे तिने विचारले. आमच्या स्नेह्यांकडे नव्हे, आमच्याकडे पाहून. आम्ही प्राध्यापक, तेव्हा उत्तर आमच्याकडे असणार.

वाचकहो, प्रश्न सोपा नाही. आम्ही खात नाही, आम्ही धरला नाही, तरीही त्या माशाची दहा मिनिटांची तडफड पाहून आम्हांस आनंद झाला होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. भुकेसाठी मारणे आणि मौजेसाठी छळून सोडणे यांत पुण्य कोणाकडे अधिक, या वादात आमच्या स्नेह्यांचे फ्लॉरिडा फारसे उपयोगी पडत नाही. तांडेलाने मात्र आपली बाजू मांडली, आणि ती धर्मशास्त्राची नव्हती. जिताडा तरुणपणी नर असतो आणि वाढत्या वयात मादी होतो. हे शास्त्रज्ञांनी सिद्ध केलेले आहे. तांडेलास ते मासे चिरून चिरून ठाऊक झालेले. म्हणजे जितका मोठा, तितका तो गाबोळीचा धनी. तो खाल्ला तर एक जेवण. सोडला तर खाडीत पिल्ले, आणि पुढच्या पंचमीस पुन्हा कोणी सर पुन्हा पैसे देणार. आईने हे सारे ऐकून घेतले, आणि "तुमचा तुमका ठावक" म्हणून भात वाढला. तिचे समाधान झाले नाही. आमचेही पुरते झाले नाही.

तिच्या तरुणपणी घर चालले ते रापणीवर. होडी किनाऱ्यापासून अर्धवर्तुळ घेत जाळे सोडीत जाई, आणि मग दोन टोकांचे दोर धरून पन्नास-पन्नास माणसे ते वाळूवर ओढीत. आलेल्या मासळीचे वाटे होत. ओढणाऱ्याचा वाटा, जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा. मग यांत्रिक नौका आल्या, त्यांमागून पर्ससीनची अवाढव्य जाळी आली, आणि किनाऱ्याशी मासळी येईनाशी झाली. पारंपरिक मच्छीमारांच्या दीर्घ झगड्यानंतर २०१६ साली राज्य सरकारने पर्ससीन मासेमारीवर निर्बंध घातले. परंतु तोवर कित्येक रापणींचे दोर कुजून गेले होते. तांडेलाने होडी ठेवली, आणि मासे विकण्याऐवजी मासे दाखविणे विकावयास काढले. एका भरतीचे ठराविक पैसे. मासा मिळो वा न मिळो. यात त्यास कमीपणा वाटतो काय, असे आम्ही भीतभीत विचारले. तो म्हणाला, कमीपणा नाही. पण रापणीत हे ज्ञान पन्नास माणसांत होते, आता ते त्याच्या एकट्याच्या डोळ्यांत आहे, आणि ज्यांना तो रोज शिकवितो ते दुसऱ्या दिवशी आपापल्या गावी निघून जातात. मुलगा कुडाळास हॉटेलव्यवस्थापन शिकतो. हुशार आहे, पण त्याला पाण्याकडे पाहण्यास वेळ नाही. आमच्या वर्गातल्या मुलांची आम्हांस आठवण झाली, आणि आम्ही आणखी काही विचारले नाही.

पुढल्या पावसाळ्यात, मासेमारी बंद आणि होड्या शाकारून ठेवलेल्या असताना, तांडेल आईस घेऊन तुळजापूरच्या दर्शनास आला. दर्शन झाल्यावर ती मंडळी एक दिवस आमच्याकडे राहिली. आमच्या कुटुंबाने पुरणपोळ्या केल्या; म्हातारीने दोन खाल्ल्या आणि आमच्या विहिरीचे पाणी जड आहे असा अभिप्राय दिला. तांडेलास मुलूख दाखवावा म्हणून आम्ही त्यास नळदुर्गास नेले. बोरी नदीवर किल्ल्याच्या आतच घातलेला तो दगडी बंधारा, आणि त्याच्या पोटातला पाणीमहाल, इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या कारकिर्दीत १६१३ साली बांधला गेला. त्या वर्षी आमच्या नशिबाने पाऊस बरा होता, आणि नर-मादीचे धबधबे वाहत होते. आम्ही इतिहास सांगत होतो. तांडेल बंधाऱ्याच्या मागच्या पाण्याकडे पाहत होता. थोड्या वेळाने तो आमच्यापाशी नाही असे दिसले.

तो खाली काठाशी एका भोयाजवळ उकिडवा बसला होता. भोई जाळे दुरुस्त करीत होता. दोघांच्या मध्ये एक विडी फिरत होती. एकाची मालवणी, दुसऱ्याची मराठवाडी, तरी बोलणे सुरळीत चालले होते, कारण त्यातला अर्धा भाग हातांनी होत होता. मरळ कोठे अंडी घालते, पाणी गढूळ झाल्यावर कटला वर येतो की खाली जातो, झिंगे कोणत्या महिन्यात. मग 'वाम' हा शब्द आला आणि दोघेही थबकले. तांडेल म्हणाला, वाम समुद्रात. हाताहून लांब, दातांची. भोई म्हणाला, वाम याच नदीत, दगडांच्या बेचक्यात. बारीक, पाठीवर काट्यांची. एकाने हात पसरून लांबी दाखविली, दुसऱ्याने मनगटाशी बोट ठेवून जाडी दाखविली. दोघेही आपापल्या वामेवर ठाम होते. आम्ही खिशातून वही काढली आणि बंधाऱ्याच्या पायरीवर बसून दोन्ही वर्णने एकाखाली एक उतरून घेऊ लागलो. तेव्हा तांडेलाने मान वळवून विचारले, "सर, तुमच्या राजाच्या पुस्तकात खंयची वाम आसा?"

आम्ही म्हटले, घरी गेल्यावर पाहू.